पाव्हण्यांची ओळ

टोपी डोक्यावर बसली, खांद्यावर टावेल पडला, कपाळाला बोटभर ओलं गंध लागलं आणि समोरच्या माणसानं हात जोडले, तेव्हा कुठं रामेश्वरच्या ध्यानात आलं की हा समोरचा माणूस म्हणजे आपला सख्खा मोठा भाऊ शहादेव आहे. शहादेवच्या ध्यानात मात्र अजून काहीच आलेलं नव्हतं. तो कमरेत वाकलेला, घामानं डबडबलेला, काखेत टोप्यांची चवड, आणि नजर पुढच्या डोक्यावर. डोकं दिसलं की टोपी, खांदा दिसला की टावेल. डोक्याखाली तोंड कुणाचं आहे हे बघायला त्याला सवड नव्हती. त्याच्या नातवाचं आज जावळ होतं. तेलगावच्या शेतात लिंबाखाली ताडपत्री अंथरली होती, पलीकडं बोकडाचा रस्सा रटरटत होता, आणि जेवणाआधी पाव्हण्यांना टावेल-टोपीचा मान द्यायचा म्हणून माणसं ओळीनं बसवली होती. गावात काळीपिवळी जीप चालवणारा आणि कुणाच्याही कार्यात माईक सोडायला तयार नसणारा रामकिसन एकेक नाव पुकारत होता. त्या झपाट्यात तो पुकारून गेला, "पुण्याचे पाव्हणे, रामेश्वरराव म्हाळू." आणि पुढचं नाव घेताना त्याचीच जीभ अडखळली. म्हाळू म्हणजे शहादेवचा बाप. म्हणजे घराच्या मालकानं घराच्या मालकालाच पाव्हणा करून टाकला होता.

आधी एक म्हातारी खिदळली, मग सगळी ताडपत्री हसायला लागली. "गंडवला रे गंडवला, रामानं दादाला गंडवला." शहादेवनं मागं वळून बघितलं, कपाळावर हात मारला आणि तोही हसला. रामेश्वर उठून उभा राहिला, टोपी जरा तिरकी केली, मंत्र्यानं करावा तसा चारी दिशांना नमस्कार केला. लोकांना अजून हसू फुटलं. रामा म्हणजे गमत्या. शाळेत असताना मास्तरच्या सायकलला मेंढी बांधणारा, स्वतःच्या लग्नात नवरदेव पळून गेल्याची हूल उठवणारा. त्यानंच मुद्दाम पाव्हण्यांत बसून भावाची फिरकी घेतली, यात कुणाला शंकाच आली नाही. आणि गंमत अशी की त्यानं गंमत केलेलीच नव्हती. तो गुवाहाटीहून पुण्याला, पुण्याहून बसनं बीडला, बीडहून जीपनं असा सकाळी उन्हं तापल्यावर पोचला होता. समोर माणसांची ओळ दिसली, मधे एक जागा रिकामी दिसली, आणि त्याचे पाय आपोआप तिकडं वळले. शेजारच्याला त्यानं किंचित मान हलवून ओळख दिली होती, गुडघे आवळून बसला होता, आणि, हे आठवल्यावर त्याच्या मानेवर काटा आला, त्याचा उजवा हात कमरेपाशी विमानातल्या खुर्चीचा पट्टा चाचपत होता.

आता हसण्याचा आवाज ओसरला, नाव पुकारणं पुढं सरकलं, आणि रामेश्वर टोपी घालून उभाच. बसायचं तर कुठं बसायचं. ओळीत बसावं तर पाव्हणा, उठून कामाला लागावं तर कुणी काम सांगेना. एकाच्या हातातली बादली घ्यायला गेला तर तो म्हणाला, "राहू द्या काका, कपडे खराब व्हतील." तो बाजूच्या खुर्चीवर टेकला, उठला, परत टेकला. त्याला असं एका जागी बसवतच नव्हतं. गेली कित्येक वर्षं तो बसला की जागाच हलायची. खाली जमीन सरकायची, ढग यायचे, कुणीतरी चहा विचारायचं. जागा हलली नाही की त्याच्या पिंडऱ्यांत मुंग्या यायच्या, आणि तेलगावची जमीन तर लई हट्टी, हलायचं नावच घेईना.

गावाला एवढंच माहीत होतं की रामा इमानात हाय. इमानात म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी विचारलं की तो म्हणायचा, "टेक्निकल." खरं सांगायचं तर रामेश्वरच्या कंपनीची गाडी विमानाच्या पोटाखाली जाऊन उभी राहते, जाडजूड पाईप जोडते, झडप उघडते आणि दोन-अडीचशे माणसांनी हवेत केलेलं सगळं गपचूप ओढून घेते. ही गाडी विकायची, शिकवायची आणि बिघडली की जाऊन दुरुस्त करायची, हे त्याचं काम. गाडी बिघडली की विमान अडकतं. आत माणसं घड्याळं बघतात, हवाई सुंदरी गोड आवाजात सांगते की तांत्रिक कारणामुळं थोडा उशीर होत आहे. ते तांत्रिक कारण खाली कोपरापर्यंत हातमोजे चढवून पंपात हात घालून बसलेलं असायचं आणि मनातल्या मनात हसायचं. रामेश्वरला ह्याची भारी मजा वाटायची. वर मोठमोठे साहेब, पुढारी, नट्या, आणि सगळ्यांची किल्ली ह्याच्या हातात. मग काम झालं की तोच हात धुऊन, अत्तर मारून, त्याच विमानतळाच्या मऊ खुर्चीत बसून फुकटची कॉफी प्यायचा. वर चढल्यावर पाठीला तो जोर लागायचा, चाकं जमीन सोडायची, पोटात क्षणभर काही उरायचं नाही, आणि त्याला वाटायचं, सुटलो. कशातून सुटलो ते मात्र त्याला कधी कळलं नाही. शेजारी बसलेल्याला थापा मारायला तर त्याच्यासारखा कुणी नव्हता. इंदूरला जाताना एका बाईला त्यानं सांगितलं होतं की मी मेंढरांना पोहायला शिकवतो. ती बाई उतरेपर्यंत विचारत होती, कुत्र्यांचे क्लास घेता का. कोचीच्या वाटेवर तो ज्योतिषी होता, रांचीच्या वाटेवर विधुर. ढगांच्या वर कुणी तुमच्या गावात येऊन खात्री करून घेत नाही. पण विधुर झाला त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि रामेश्वर खरोखरच रडला. उतरल्यावर केजला बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "काय झालं, आवाज कावून असा?" तो म्हणाला, "एसी लई हाय."

आणि आज तर तो वेगळंच ठरवून आला होता. साहेबानं त्याला मस्कतला नेमायचं म्हटलं होतं. दीड महिना तिकडं, आठवडा इकडं, आणि मधे आखातातली सगळी विमानतळं. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि नाही म्हणायचं तर नोकरीही सोडायची, कारण इकडची जागा दुसऱ्याला दिलेली. रामेश्वरनं नाही ठरवलं होतं. कायमचं घरी यायचं. केजला बायको विजयमाला होती, पोरगी ऋतुजा होती, तेलगावला बाप होता, भाऊ होता, शेत होतं. विमानाच्या खिडकीला कपाळ लावून त्यानं ही बातमी सांगायची तालीम किती वेळा केली होती. विजयमाला पदर डोळ्याला लावणार. ऋतुजा गळ्यात पडणार. शहादेव म्हणणार, बरं केलंस बे. जेवणाआधी सगळे एकत्र दिसले की तो हे सांगणार होता. आणि तेवढ्यात टोपी बसली.

त्यानं ठरवलं, आधी नीट तपासून घ्यावं. पाव्हणा आहोत का घरचे आहोत, हे काही टोपीवरून ठरत नाही. टोप्या वाटून झाल्यावर शहादेव पाणी प्यायला टाकीपाशी आला, तेव्हा रामेश्वर त्याच्यामागं जाऊन उभा राहिला आणि समोरच्या नव्या पत्र्याच्या शेडकडं बोट करून म्हणाला, "दादा, हे शेड कुणी बांधलंय? पार वाकडं हाय."

खरं तर शेड चांगलं होतं. शहादेव पाणी पिता पिता थांबला. हा माणूस तापट म्हणून सगळ्या तालुक्यात माहीत होता. लहानपणी रामेश्वरनं त्याच्या बैलाला नुसतं मरतुकडा म्हटलं होतं, तर त्यानं त्याला विहिरीपर्यंत पळवला होता.

"व्हय, जरा वाकडं झालंय खरं," शहादेव म्हणाला.

"आन पाण्याचा उतार बी चुकलाय. पहिल्या पावसात मेंढरं पवतील आत."

"बरोबर हाय तुमचं. तुमी चार ठिकाणी फिरता, तुमाला कळतं." तांब्या खाली ठेवून शहादेवनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जेवून घ्या पहिल्या पंगतीला. परत तुमाला रामकिसनच्या गाडीनं निघायचं आसंल. मटणाचं चांगलं चांगलं बाजूला काढून ठिवायला सांगितलंय तुमच्यासाठी."

तुमी, तुमाला. हे कधीपासून सुरू झालं. रामेश्वर त्याच्याकडं बघत राहिला आणि त्याला एकदम हॉटेलातल्या त्या पोराची आठवण झाली, जो बॅग ठेवून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, काहीही लागलं तर नऊ दाबा सर. सगळ्या गावांत तीच खोली. पलंग, पडदा, काचेच्या दोन बाटल्या. पहाटे उठून अंधारात तो लखनौच्या संडासाकडं जायचा आणि नागपूरच्या भिंतीवर आदळायचा. नाक सुकलेलं, कानात दडे बसलेले, आणि कोणत्या गावात आहोत हे आठवायला मोबाईल उघडायचा. एकदा केजच्या घरीही तो असाच उठला. तिथली त्याची खोली विजयमालानं नर्सिंगच्या दोन पोरींना भाड्यानं दिलेली. विचारून दिलेली, तो तेव्हा विमानाच्या जिन्यावर उभा होता आणि हो हो म्हणाला होता. म्हणून तो आला की बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी झोपायचा. त्या पहाटे तो अंथरुणावर उठून बसला, मशीनचं काळं तोंड समोर दिसलं, आणि हे कोणतं हॉटेल म्हणून तो घाबरून बसून राहिला. मग त्यानं चादर घडी केली, उशी सरळ ठेवली, ओला टावेल बाथरूमच्या फरशीवर टाकला. विजयमाला चहा घेऊन आली तर तो म्हणाला, "थँक यू." तीही म्हणाली, "वेलकम." तेव्हा त्याला ते लई गमतीचं वाटलं होतं. आता टाकीपाशी उभं राहून त्याला ते आठवलं. ती हसली होती का? आठवेना. शहादेवशी शेवटचं भांडण कधी झालं? विजयमाला शेवटची कधी चिडली? पोरगी शेवटची कधी रुसली? तो वर्षं मागं मागं गेला. सगळीकडं मटण होतं, स्वच्छ चादरी होत्या, हसरी तोंडं होती.

बाप मेंढरांच्या वाड्यात असणार म्हणून तो तिकडं गेला. म्हाळू एका आजारी मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. कार्य घरचं, पण म्हाताऱ्याला माणसांपेक्षा मेंढरांचा घोळका बरा वाटायचा. रामेश्वरच्या डोक्यावरची टोपी बघून त्याचे दोन उरलेले दात दिसले. "आयकलं मी माईकवर. ते टावेल दे हिकडं." टावेल घेऊन त्यानं मेंढीचं शेंबडं नाक स्वच्छ पुसलं. टोपी रामेश्वरनं स्वतःच काढून खिशात कोंबली.

गावात एकट्या म्हाळूलाच त्यानं आपलं काम खरं सांगितलेलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, असंच वाड्यात बसून. म्हातारा आधी समजेना, मग समजलं तेव्हा खोकला लागेपर्यंत हसला. "म्हंजी आपलाच धंदा." आणि ते खरंही होतं. म्हाळूची सगळी हयात मेंढरं बसवण्यात गेली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, गोदावरीच्या काठानं गावं घेत जायचं. शेतकरी बोलवायचा, रात्री मेंढरं त्याच्या रानात बसायची, लेंड्या-मूत पडायचं, रानाला खत व्हायचं, आणि सकाळी शेतकरी ज्वारी मापून द्यायचा. दुसऱ्या रात्री दुसरं रान. लहानपणी रामेश्वर बरोबर असायचा. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या, कोवळी कोकरं, आणि मागं चालणारी आई साखराबाई. रोज वेगळं रान, वेगळं आभाळ, पण सकाळी उठून आपण कुठं आहोत असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. चुलीचे तीन दगड कुठंही मांडले की झालं. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

"आबा," रामेश्वर म्हणाला, "तुमी इतकं फिरला. कवा कंटाळा आला न्हाई?"

"कंटाळा कशाचा? तुझ्या आयसंगं भांडायलाच सगळा रस्ता पुरायचा न्हाई. एकडाव जालन्याहून भांडण काढलं तिनं, ते पैठणला मिटलं." म्हातारा मेंढीच्या कानामागं खाजवत होता. "आता बरी हाय ही. कालच्यान काय खात नव्हती. आपल्या डाक्टरीनबाईनं सुई टोचली न् लगेच कान हालवाय लागली."

"कोण डाक्टरीनबाई?"

"ऋतुजा. कालेज सोडल्यापून लई हात बसलाय पोरीचा. सरकारी डाक्टर बी म्हणतोय, पुढल्या सालाला जनावराच्या डिप्लोम्याला नंबर लावा म्हून."  आणि मग म्हाताऱ्याचा खाजवायचा हात थांबला. त्यानं पोराच्या तोंडाकडं बघितलं आणि घोंगडीची कड उगाच सारखी करायला लागला. "तुला ठाव न्हाई व्हय?"

"ठाव हाय की," रामेश्वर म्हणाला. "मला न सांगून कुटं जातेत." आणि तो हसला. त्याचं तोंड इतकं पटकन हसलं की त्यालाच भीती वाटली.

कॉलेज सोडलं. ऋतुजा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला होती. कम्प्युटर. तिसरं वर्ष. मागच्याच आठवड्यात विमानतळावर बसून त्यानं तिला विचारलं होतं, परीक्षा कधी, आणि ती म्हणाली होती, अजून तारीख आली नाही पप्पा. वाड्यातून लिंबापर्यंत यायला कितीसं अंतर, पण त्याला ते संपेना. पायाखालच्या ढेकळांत त्याचे चकचकीत बूट रुतत होते आणि डोक्यात एकेक खोली उघडत होती. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. शहादेवला, आबाला, त्या सरकारी डॉक्टरला. मेंढीलासुद्धा. एवढी मोठी गोष्ट घडली तर घरात रणकंदन झालं असणार. विजयमाला जेवली नसणार. पोरगी दार लावून बसली असणार. शहादेव केजला धावला असणार. रडारड झाली असणार, रुसवे झाले असणार, मग कुणीतरी माघार घेतली असणार, आणि एके दिवशी सगळ्यांनी मिळून चहा घेतला असणार. हे सगळं नाटक चाललेलं असताना तो मधे दोनतीनदा येऊन गेला होता. आणि तो आला की पडदा पाडून सगळे ओळीनं उभे राहिले होते, हसरे. त्यानं ऋतुजाला उडत्या विमानाचा फोटो असलेला चहाचा कप आणून दिला होता. "कॉलेजात मैत्रिणींना दाखव," असं म्हणाला होता. ती म्हणाली होती, "दाखवते ना."

ऋतुजा पंगतीत पत्रावळ्या मांडत होती. हात भराभर चालत होते, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. ती इतकी कामाची पोरगी आहे हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं. तिच्या बोटांवर औषधाचा जांभळा डाग होता. तो मागून गेला आणि तिच्या कुर्त्याच्या खिशातला मोबाईल अलगद काढून घेतला. लहानपणी पेन्सिल जरी घेतली तरी ती हाताला चावायची.

"पप्पा, द्या ना," ती गोड हसून म्हणाली.

"न्हाई देत."

"बरं, राहू द्या तुमच्याकडं. जाताना द्या."

"कसं चाललंय कॉलेज?"

तिचा हात एका पत्रावळीवर थोडा जास्त वेळ थांबला. "मस्त चाललंय, पप्पा. तुमचा प्रवास कसा झाला?"

तो म्हणाला, मस्त. आणि त्याला तो सूर ओळखीचा वाटला. विमानातून उतरताना दारातली पोरगी हात जोडून विचारते, प्रवास कसा झाला सर, आणि आपण न थांबता म्हणतो, मस्त, आणि दोघंही एकमेकांकडं बघत नाहीत. त्यानं मोबाईल पंगतीच्या कडेला ठेवला. हसवायला काहीतरी करावं, तिची ओढणी खांबाला बांधावी, पत्रावळ डोक्यावर घालावी, असं त्याच्या हातांना वाटत होतं. हातांना त्यानं खिशात घातलं. तिथं टोपी होती.

विजयमाला घरामागं चुलवणापाशी होती. भाताच्या मोठ्या पातेल्यातून ती परातीत भात काढत होती, तोंड धुरानं लाल, मोठा झारा हातात. त्याला बघून तिनं कोपरानं कपाळावरचे केस सारले. "आवो, तुमी हितं कावून आलाव धुरात? पहिल्या पंगतीला बसा की. रामकिसनची गाडी सुटंल."

"मी न्हाई जायाचा."

"बरं," ती म्हणाली, आणि भात काढत राहिली. अशा गमती तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या.

"विजे, मी नोकरी सोडायलोय. कायमचा येतोय घरी. साहेबाला आज कळवायचंय."

झारा भातात तसाच राहिला. तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं, कुठून हसू फुटतंय का ते. कुठूनच फुटेना. तालमीतला तो पदर, ते डोळे, त्यातलं काहीही आलं नाही. तिनं झारा उपसला आणि त्याच्याकडं रोखला.

"मला इचारलं?"

"तू मला इचारलं व्हतं का, पोरीचं? तिनं कालेज सोडलं न् मला आबाकडून कळतंय. ते बी चुकून."

ती क्षणभर बिचकली. मग तिच्या नाकपुड्या फुलल्या. किती वर्षांत त्यानं ह्या नाकपुड्या फुललेल्या बघितल्या नव्हत्या. "कवा इचारू? फोन लावला की तुमचं बोर्डिंग सुरू झालेलं आसतंय. उतरलं की दमलेलं आसता. दुसऱ्या दिशी परत बोर्डिंग. आन आलाव तरी चार दिसाला. त्या चार दिसांत रडगाणं काढून बसू का?"

"एका शब्दानं सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं तं काय केलं आसतं तुमी? गंमत केली आसती. तिला हसवलं आसतं, मला हसवलं आसतं, बॅग उचलली आसती. आन मागं परत आमी दोघीच, एकमेकीची तोंडं बघत. तुमी यायचं म्हणलं की आमी घर आवरतो न् तोंडं बी आवरतो. दमले मी आवरून."

"म्हून तं येतोय आता कायमचा."

"कुटं येताव? खोलीत पोरी ठेवल्यात, त्यांची परीक्षा हाय, त्यांना रस्त्यावर काढू? चार वाजता उठून तुमी दिवे लावता, बॅग भरता, परत काढता, परत भरता. कुणाला झोप न्हाई. मी माझं मशीन, माझी पोरगी, माझं सगळं बसवलंय एकटीनं. तुमाला वाटलं जावं, गेलाव. वाटलं यावं, आलाव. म्हंजी घर हाय का तुमचं थांबायचं ठिकाण हाय?"

"मंग जाऊ का मस्कतला? जाऊ का? दीड दीड महिना?"

"जावा न्हाईतं राव्हा, पर ठरवून सांगाय येऊ नका मला," ती ओरडली, आणि झारा परातीत आदळला. भाताची शितं त्याच्या शर्टावर उडाली. "इथं पोरीनं आन मी रात-रात काढल्यात, तवा कुटं होतात तुमी, हवेत?"

"हवेतच व्हतो," तोही ओरडला, "हवेत न् गुवात, तुमच्यासाठीच," आणि त्याला आपला हा आवाज ओळखू आला नाही. तो बापाचा होता बहुतेक. घशातून नाही, पोटातून येत होता. लिंबाखालचा गलका एकदम पडला. माईकवरच्या रामकिसनची वाक्यं सुटी सुटी झाली आणि मग तोही थांबला. घराच्या कोपऱ्यावरून शहादेव तरातरा आला. त्याचं तोंड तापलेलं होतं, शिरा ताठ, अगदी विहिरीपर्यंत पळवलेल्या दिवसासारखा.

"आक्कल हाय का बे रामा तुला?" तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "पाव्हणे बसलेत तिकडं. काय म्हणतील? आपलं काय हाय ते हळू बोला, आतल्या आत. आन ती परात दे हिकडं, भात थांबलाय तिकडं तुमच्यापायी." त्यानं परात उचलली आणि रामेश्वरला खांद्यानं ढकलून वाट काढत निघून गेला.

रामेश्वर ढकलला गेला तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. खांदा दुखत होता. पिंडऱ्यांतल्या मुंग्या वर वर चढत होत्या, पाय म्हणत होते चल, कुठंही चल. वरच्या बाजूला रस्त्यावर काळीपिवळी येऊन उभी होती. रामकिसननं माईक कुणाला तरी दिला असणार, कारण हॉर्न वाजला. मग परत वाजला.

"जीप आली," विजयमाला म्हणाली, हळू आवाजात.

"येऊ दे."

"जाईल ती."

"जाऊ दे."

खिशात मोबाईल थरथरला. साहेब. रामेश्वरनं तो बाहेर काढला, बघितला, विजयमालानंही बघितला. "त्यांना काय सांगणार?" तिनं विचारलं.

"तुझं सगळं आयकल्यावर बघतो."

"सगळं लई हाय. पुरं व्हायला लई येळ लागंल. आन मधे हसवायचं न्हाई."

"न्हाई हसवत."

मोबाईल थरथरून थरथरून गप झाला. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, गिअर पडल्याचा आवाज आला, आणि बीडच्या बाजूला धूळ उठली. रामेश्वर चुलवणाशेजारच्या दगडावर बसला. दगड गरम होता आणि हलत नव्हता. त्यानं दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरून ठेवले. विजयमालानं कोपऱ्यावरून डोकावून पाव्हण्यांकडं एकदा बघून घेतलं, पदर कमरेला खोचला, त्याच्या समोर बसली, आणि आवाज अगदी खाली आणून, पोरगी कॉलेज सोडून घरी आली त्या दिवाळीपासून सुरुवात केली.